डबा कापू देऊ नकोस

“हॅलो? … हो, मीच. बोल. … मागे कोण ठोकतंय एवढं? … फिटर. बरं. … अगं, हळू. एक एक सांग. … कापायचा म्हणजे, काय कापायचं? … नाही. टिटवे, ऐक ना. करवत खाली ठेवायला सांग त्याला. आधी ते कर, मग बोलू. … ठेवली? … हातात धरलीय म्हणजे ठेवली नाही. … हं. आता बोल.”

मामांचा डावा पाय प्लास्टरमध्ये होता. पाय स्टुलावर, स्टूल टेलिफोनच्या टेबलाला चिकटून, आणि टेलिफोनची वायर एवढी आखूड की रिसीव्हर कानाला लावायचा तर मान वाकडी करूनच बसावं लागे. समोरच्या खुर्चीत मामी वाटाणे सोलत होत्या. टेलिफोनच्या संभाषणात मामींनी कधी लक्ष घातल्याचं मामांना आठवत नव्हतं. यावरून त्या ऐकत नसत असा निष्कर्ष त्यांनी काढला होता, आणि तो आजवर तपासलेला नव्हता.

टिटवी ही भाची. तिची आई गेल्यावर ती लहानपणीच या घरी आली, आणि आल्यावर पहिले कित्येक दिवस तिने घर डोक्यावर घेतलं, म्हणून टिटवी. आता ती गुरांची डॉक्टर झाली होती. घाटमाथ्यावरच्या गोठ्यांसाठी तिला नोकरी मिळाली होती आणि उद्या सकाळी तिथे हजर व्हायचं होतं. अट एकच, स्वतःचं वाहन हवं. अडलेली गाय बसच्या वेळा पाहून अडत नाही. वाहन होतं. मामांची जुनी गाडी त्यांनी महिनाभरापूर्वी तिच्या स्वाधीन केली होती. पण जागा पाहून येण्यासाठी टिटवी घाट चढून गेली, तेव्हा गाडीला अशी धाप लागली की खडी भरलेला ट्रकसुद्धा तिला मागे टाकून गेला, आणि जाताना ट्रकवाल्याने सहानुभूतीने हात केला. दुसरी गाडी घेणं तिच्या आवाक्यात नव्हतं. ही चढली तर नोकरी, नाही तर नकाराचा फोन. कुणीतरी सांगितलं की जुन्या गाडीला श्वास कमी पडतो, हवा आत घेणारी नळी आणि फिल्टर बदलून टाक. म्हणून ती सकाळपासून सुट्या भागांच्या दुकानात उभी होती.

“विचारलंस ते फार बरं केलंस. … नाही, खरंच. लोक कापून झाल्यावर विचारतात. … हं. तर कुठले कुठले दाखवलेत दुकानदाराने? … चकचकीत पाइप, आणि त्याच्या टोकाला उघडा शंकू. आणि तो बसवायला फिल्टरचा जुना डबा कापावा लागतो. … बरोबर, जागा नसते ना. … दुसरा? … तेल लावलेल्या कापडाचा, धुऊन परत वापरायचा. हो, तो आपल्याच डब्यात बसतो. … आणि तिसरा साधा कागदी. … त्याला लाज वाटतेय तो दाखवायला? वाटू दे.”

मामांनी आयुष्यभर कारखान्यांतली दाबमापकं तपासली होती. काटा काय सांगतो यापेक्षा काटा का सांगतो याची चौकशी करणं हे त्यांचं काम. ते निवृत्तीनंतर थांबलं नव्हतं, फक्त त्याचा पगार थांबला होता.

“ताकद किती टक्क्यांनी वाढते म्हणतो? … एवढी? कशावर मोजली? … खोक्यावर छापलंय हे उत्तर नाही, टिटवे. खोक्यावर मोजत नाहीत. … अगं, मी त्याला खोटारडा म्हणत नाहीये. त्याला तसं वाटत असणार. उघडा शंकू लावला की इंजिनाचा आवाज वाढतो, आणि आवाज वाढला की माणसाला गाडी पळतेय असं वाटतं. कान फार भोळा असतो. … हो. आणि तो शंकू बॉनेटखालची तापलेली हवा ओढणार. तापलेली हवा विरळ. म्हणजे घाटात, नेमकी गरज असताना, तू गाडीला पातळ ताक पाजणार. … आपल्या डब्याचं तोंड बघ कुठे आहे. … वाकून बघ. … दिव्याच्या मागे, बरोबर? तिथे बाहेरची गार हवा येते. कुणीतरी माणूस विचार करून बसलाय त्यावर. त्याचं नाव आपल्याला कळणार नाही, पण त्याने आपल्यासाठी केलंय ते. ते करवतीने कापायचं नाही. आणि तो डबा आता मिळतही नाही, एकदा गेला की गेला.”

यानंतर टिटवीने काहीतरी लांबलचक सांगितलं. सार असं की मामांचं सगळं पटतं, पण तिला उद्या घाट चढायचा आहे आणि पटण्याने गाडी चढत नाही.

“मान्य. … नाही, रागावलो नाही, मुद्दा बरोबर आहे. … माझं मत? डब्यात बसणारा चांगल्या प्रतीचा कागदी घे. मी स्वतः घेतला होता एकदा, परदेशी, तू लहान होतीस तेव्हा. तो बसवल्यापासून गाडीचं पेट्रोल जे कमी झालं ते कायमचं. ते मी मोजलेलं आहे, टाकी भरून, दर वेळी. … हो, हो, तीच गोष्ट. ऐकलीयस ना? मग झालं.”

ही गोष्ट नात्यात सर्वांनी ऐकलेली होती. लग्नसमारंभात मामा एखाद्याशेजारी बसले की जेवण वाढेपर्यंत ती पूर्ण होत असे. खोक्यावरच्या आकड्यांना ते हसत, पण या एका फिल्टरविषयी त्यांच्या मनात श्रद्धा म्हणावी असं काहीतरी होतं. आकडेवारी असल्यामुळे ते तिला श्रद्धा म्हणत नसत.

“पण थांब. चढाचं दुखणं फिल्टरमुळे आहे की नाही, हेच आपल्याला ठाऊक नाही. … ठाऊक करून घेता येतं, आत्ता, तिथेच. … जवळपास स्वच्छ चढ आहे का? … वाहनतळाचा, वरच्या मजल्यावर जाणारा. उत्तम. आता असं कर. आहे त्या फिल्टरसकट एकदा चढ. खालच्या खांबापाशी सुरुवात, दुसरा गिअर, अ‍ॅक्सिलरेटरचं पॅडल तळापर्यंत, आणि माथ्यावर वेगाचा काटा कुठे आला ते बघायचं. मग फिल्टर काढायचा, डबा बंद करायचा, आणि तेच पुन्हा. … फिल्टरशिवाय, हो. एकदाच, धूळ नाही तिथे, काही होत नाही. … अगं, विचार कर. फिल्टर अजिबात नसणं याहून मोकळा फिल्टर जगात कुणी बनवू शकेल का? … मग. … फोन फिटरला दे. तू चालव.”

फिटर फोनवर आला. मामांनी त्याला भाऊ म्हटलं, ओळख करून घेतली, आणि शेजारच्या सीटवर बसून काटा वाचायची विनंती केली. टिटवीनेही वाचायचा, पण एकमेकांना न सांगता, आणि खाली आल्यावर दोघांनी एकदम बोलायचं.

“अहो भाऊ, अविश्वास नाही. तिला जो आकडा हवाय तो तिला दिसेल, तुम्हाला हवाय तो तुम्हाला. मलाही दिसला असता. म्हणून दोघं. … हो, फोन चालूच राहू द्या. मला कुठे जायचंय? पाय बांधून घातलाय माझा.”

मग बराच वेळ मामा नुसते ऐकत राहिले. दार आपटलं. इंजिन सुरू झालं, गुरगुरलं, वरच्या सुरात गेलं आणि तिथेच थकून राहिलं. पुन्हा दार. क्लिपा उघडल्याचा आवाज. फिटर काहीतरी गुणगुणत होता. पुन्हा इंजिन, या वेळी जरा घोगरं, आणि पुन्हा त्याच सुरात अडकलेलं.

“बोला. … दोघांचंही सारखंच? दोन्ही वेळा? … फिल्टर होता तेव्हाही तेवढंच, नव्हता तेव्हाही तेवढंच. … टिटवे, फिल्टर निर्दोष आहे. सोडून दे त्याला. … हो, तिन्ही फिल्टर. चकचकीत तर सगळ्यात आधी. … काय म्हणतो फिटर? … इंजिनच संपलंय म्हणतो.”

आता टिटवी हळू बोलत होती. मामांना रिसीव्हर कानावर दाबून धरावा लागला. ती म्हणत होती की इंजिन दुरुस्तीला काढलं तर आठवडा जाईल. आठवडाभर गोठेवाले थांबणार नाहीत, त्यांच्या यादीत दुसरा डॉक्टर आहे. उगाच त्यांना अंधारात ठेवण्यापेक्षा ती आत्ताच फोन करून नाही म्हणून सांगते. तिने हे अगदी शांतपणे सांगितलं. लहानपणी ओरडून घर डोक्यावर घेणारी मुलगी इतक्या शांतपणे बोलली, तेव्हा मामांचा प्लास्टरमधला पाय आतल्या आत खाजू लागला.

“करशील फोन. नाही म्हणायला किती वेळ लागतो? पाच मिनिटांनी कर. … मला पाच मिनिटं दे. … अगं, संपलेलं इंजिन धूर काढतं, तेल पितं. आपलं यांतलं काही करत नाही. धाप लागतेय, पण खोकला नाही. … ऐक. हवा आत जाते त्या वाटेवर, फिल्टरच्या पुढे, एक झडप असते. तू पॅडल दाबतेस तेव्हा तारेने ती उघडते. पॅडल म्हणजे तिचाच दांडा समज. इंजिन बंद कर, जाड नळी सोडव, आणि आत बघ. फिटरला सांग, गाडीत बसून पॅडल पार तळाला दाब. … हं.”

मामींचा वाटाणे सोलायचा वेग कमी झाला. मामांच्या ते लक्षात आलं नाही.

“किती उघडली? … अर्धी? … अर्ध्याहून थोडी जास्त, आणि तिथेच थांबली. पायाने पूर्ण दाबलंय ना त्याने? … विचार पुन्हा. … पूर्ण. बरं, आता तू बोटाने ढकल झडप पुढे. … गेली? सहज? … पूर्ण उघडली. टिटवे, इंजिन संपलेलं नाही. त्याला कुणी पूर्ण तोंड उघडूच देत नाहीये. … तार ढिली असेल, किंवा पॅडलच कुठेतरी अडतंय. पॅडलखाली बघ. चटई उचल. … नुसती वरची नाही गं, खालचं कार्पेटही. … शिवलंय? कार्पेट कशाला कोण शिवेल? … उसव. … काय आहे?”

मामा स्टुलावरचा पाय विसरून पुढे झुकले.

“लाकडाचा ठोकळा? … वर रबर चिकटवलेला. आणि स्क्रूने बसवलाय, चारी बाजूंनी. … म्हणजे आपोआप आलेला नाही. कुणीतरी माप घेऊन…”

“सापडला का?” असं मामींनी विचारलं. हातातली शेंग उघडता उघडता विचारलं, चष्मा सापडला का या सुरात.

मामांनी रिसीव्हर कानापासून थोडा दूर धरला, मग पुन्हा जवळ आणला.

“टिटवे, थांब जरा. … नाही, ठेवू नकोस. इथे एक… इथे काहीतरी निष्पन्न होतंय.”

पुढचा काही वेळ टिटवीला रिसीव्हरमधून फक्त मामांचे प्रश्न ऐकू येत होते आणि ते तिच्यासाठी नव्हते. कधी? कुणाकडून? आणि त्या मेकॅनिकने मला एवढ्या वर्षांत एका शब्दाने… अगं, पण मला विचारायचं तरी. मामींची उत्तरं छोटी होती. विचारलं असतं तर तुम्ही वाद घातला असता, हे त्यांतलं सर्वांत मोठं.

“हॅलो, आहेस ना? … मामीने बसवलाय तो. म्हणजे मेकॅनिककडून बसवून घेतलाय. … नाही, मला नव्हतं माहीत. मला माहीत असतं तर मी मघापासून फिल्टरवर व्याख्यान कशाला दिलं असतं? … का म्हणजे… ती म्हणते, तू आमच्याकडे आलीस त्या सुमाराला एकदा आपण तिघं मोठ्या रस्त्याने येत होतो. मी गाडी पळवत होतो. पुढे काहीतरी आलं, मी ब्रेक दाबला, आणि तू मागच्या सीटवरून घसरून पुढे आपटलीस. ओठ फुटला तुझा. … तुला आठवत नाही, मला आठवतं. मी घरी येऊन रस्त्याच्या घर्षणाबद्दल बोललो होतो. … हो, मीच. ती म्हणते, तिने ते पूर्ण ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी मेकॅनिककडे नेली. फिल्टर बदलायला. … हो. तोच फिल्टर.”

तोच फिल्टर, हे बोलून झाल्यावर मामांना आपण काय बोललो ते समजलं. त्यांनी मान सरळ करायचा प्रयत्न केला, पण वायर पुरली नाही.

परदेशी फिल्टर आणि लाकडी ठोकळा एकाच दिवशी, एकाच मेकॅनिकच्या हाताने गाडीत बसले होते. पेट्रोल कमी झालं होतं, कारण मामांना गाडी पळवताच येत नव्हती. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या आणि श्रेय एकीला दिलं: हाताखालच्या कुणी अशी चूक केली असती तर मामांनी त्याला अख्खं मापन पुन्हा करायला लावलं असतं, आणि तेही चहा न देता. आणि इतकी वर्षं, दर लग्नात, मामी शेजारी बसून ही गोष्ट ऐकत आल्या होत्या. एकदाही त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नव्हतं. दाबमापक म्हणून मामी पूर्णपणे निरुपयोगी होत्या.

“हसतेयस तू. … फिटरही हसतोय? हसू दे, त्याचा हक्क आहे. खोक्यावरचा आकडा आणि माझा आकडा, दोन्ही एकाच जातीचे निघाले. … नाही गं, मला वाईट नाही वाटलं. म्हणजे वाटलं, पण ते मधेच कुठेतरी राहिलं. … मी काय विचार करतोय सांगू? त्यानंतर मी तुला रोज शाळेत सोडलं. पावसात, घाईत, कधी चिडलेला असताना. तुझ्या परीक्षा, दाताच्या डॉक्टरकडच्या खेपा, सहली. … हं. प्रत्येक वेळी तो ठोकळा माझ्या पायाखाली होता. … हो. उशीर व्हायचा. तू ओरडायचीस, मामा, सगळे पुढे गेले. … जाऊ देत होतो, कारण दुसरं काही करताच येत नव्हतं. मला वाटायचं, मी शांत स्वभावाचा झालोय.”

शेवटचं वाक्य ते मामींकडे न बघता बोलले. मामींनी सालपटं एका बाजूला सारली.

“आता प्रश्न असा की तो काढायचा का. … तू विचारतेयस हे बरोबर आहे. थांब, जिने बसवला तिलाच विचारतो.”

त्यांनी रिसीव्हर छातीशी धरून विचारलं. उत्तर लगेच आलं. मामींनी ते बहुधा बरंच आधी तयार ठेवलं असावं.

“टिटवे, काढ म्हणते. … अगं ऐक ना, पुढचं ऐक. मी म्हटलं, घाटरस्ता आहे, पोर एकटी जाणार, निदान अर्धा तरी राहू दे. तर ती म्हणते, ठोकळा तुमच्यासाठी होता, तिच्यासाठी नव्हता. ती अडलेल्या गाईपाशी रात्र रात्र बसते, तिला वेग कधी लागतो आणि कधी नाही ते कळतं. … हो, अगदी असंच म्हणाली. मी काही घातलं नाही त्यात. … रडू नकोस, फिटर काय म्हणेल? … तोही? कसला फिटर आहे हा?”

स्क्रू गंजले होते. एक निघेना, तेव्हा फिटरने ती मघाची करवत मागवली आणि मामांनी या वेळी हरकत घेतली नाही. तेवढ्या वेळात त्यांनी टिटवीकडून कागदी फिल्टर बसवून घेतला, साधा, इथलाच. डब्याच्या कडेचं रबर नीट बसलं का हे बोट फिरवून बघायला लावलं, कारण गोठ्यांच्या वाटेवर धूळ असते आणि धुळीला फट पुरते. दुकानदाराने विचारलं, चकचकीत पाइप बांधून देऊ का. टिटवीने नको म्हटलेलं मामांनी ऐकलं आणि त्यांना त्या दुकानदाराबद्दलही थोडं बरं वाटलं. सकाळपासून त्याने फिटर आणि करवत फुकट वापरू दिली होती.

“निघाला? … झडप बघितलीस पुन्हा? पूर्ण? … तार मोकळी परत येते ना, पॅडल सोडल्यावर? दहा वेळा दाबून बघ. … मोजतेयस ना? मोज. … बरं. आता तोच चढ, तोच खांब, दुसरा गिअर. फोन भाऊंकडे दे. … भाऊ, स्पीकर लावा, मला नुसतं ऐकायचंय. … टिटवे, एकदम दाबू नकोस. हळूहळू जा खाली. तुझ्या पायाला सवय नाही आणि गाडीलाही नाही.”

इंजिन सुरू झालं. गुरगुरलं, वरच्या सुरात गेलं, जिथे ते नेहमी थकून थांबत असे तिथे पोचलं, आणि थांबलं नाही. मामांनी त्या गाडीचा हा आवाज कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. त्यांनी रिसीव्हर कानापासून दूर करून मामींच्या दिशेने धरला. मामींनी हात थांबवून तो ऐकला.

“किती? … भाऊ, दोघांचं एकदम सांगा. … हं. … हं. टिटवे, उद्या चढशील तू. … अगं, आभार मला कशाला? मी तर चुकीच्या माणसाला दोष देत होतो आणि चुकीच्या वस्तूला श्रेय. … हो, मामीला सांगतो. … पोचलीस की फोन कर. आणि पहिलं वासरू कुठल्या… हॅलो? वरच्या मजल्यावर गेलात का? … हॅलो.”

वाहनतळाच्या छपराखाली फोनचा संपर्क तुटला होता. रिसीव्हरमधून टूं टूं येऊ लागलं. मामांनी तो खाली ठेवला नाही. मान वाकडी करून, खिडकीकडे बघत, ते बोलत राहिले.

“हो… हो, सांगतो म्हटलं ना तिला. … मला कळतं गं ते. इतकी वर्षं मी सगळीकडे थोडा उशिरा आणि धडधाकट पोचलो, तुला घेऊन, ते काही माझ्या शहाणपणाने नाही. … नाही, तोंडावर नाही सांगता येत मला. सवय नाही. पण ती आहे म्हणून… हं. ती आहे म्हणून आपण आहोत, एवढंच. … हो. तिला नक्की सांगतो.”

रिसीव्हर जुना होता आणि खोली शांत होती. टूं टूं मामींच्या खुर्चीपर्यंत स्वच्छ ऐकू येत होतं. मामींनी वाटाण्यांचं ताट आवाज न करता खाली ठेवलं, आणि मामांचं बोलून होईपर्यंत तशाच बसून राहिल्या.